प्रभात म्हणजे नुसती सकाळ नव्हे!



आज एका शब्दाविषयी लिहिते आहे. खरं तर माझ्याच एका चुकीविषयी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. 'माझी आई' हा निबंध मुलांना दिला होता. एका मुलीने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'माझी आई झुंजूमुंजूला उठून फुलं तोडायला जाते.' मी लाल पेनाने 'झुंजूमुंजूला' खोडलं आणि वर लिहिलं, 'प्रभातकाळी'. निबंधात भाषा जरा छान हवी ना, म्हणून!

दुसऱ्या दिवशी निबंध मोठ्याने वाचायला सांगितला, तर ती त्या शब्दाशी अडखळून थांबली.

"मॅडम, प्रभात म्हंजी काय?"

"सकाळ."

"मग हे चुकलं की! सकाळी आई घरात नसतीच. ती अंधारात जाती."

वर्ग हसला. तिने वही मिटली आणि खाली बसली. पुढे वाचलंच नाही. त्या दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मला मात्र चैन पडेना. घरी आल्यावर शब्दकोश काढला.

'प्रभात' हा संस्कृतातून आलेला शब्द. 'प्र' हा उपसर्ग आणि 'भा' हा धातू. 'भा' म्हणजे प्रकाशणे, चमकणे. प्रभा, आभा, भानू हे याच घरातले शब्द. म्हणजे प्रभात याचा मूळ अर्थ 'उजळू लागलेलं'. हे वाचलं आणि मला आमची आजी आठवली. आम्हाला उठवताना ती रोज म्हणायची, "उठा रे, उजाडलं!" कवितेतली 'प्रभात झाली' आणि आजीचं 'उजाडलं', दोन्हीचा अर्थ एकच की हो! एक शब्द पुस्तकातून आला, एक अंगणातून, एवढाच फरक.

मग 'अरुणोदय' पाहिला. अरुण म्हणजे तांबूस. सूर्याच्या सारथ्याचं नावही अरुण, कारण सूर्याच्या आधी आकाशात तो तांबूस रंग येतो. आणि आपल्याकडे शेतकरी काय म्हणतो? "तांबडं फुटलं!" तोच रंग, तेच आकाश.

आता झुंजूमुंजू. आपण वर्गात शिकवतो त्या अभ्यस्त शब्दांसारखाच हा जोडीचा शब्द आहे. अर्धामुर्धा, शेजारीपाजारी म्हणतो ना, तसा. अंधार पुरता गेलेला नाही, उजेड पुरता आलेला नाही, अशी ती वेळ. समोरचं माणूस दिसतं, पण चेहरा ओळखू येत नाही. म्हणजे झुंजूमुंजू आधी, प्रभात नंतर. त्या मुलीच्या आईला ऊन चढायच्या आत फुलं तोडून मंडईला पाठवायची असतात. ती प्रभातीची वाट बघत बसली, तर कसं चालेल? लेकीने अगदी नेमका शब्द लिहिला होता. मी बरोबर खोडून चूक लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "बाळा, तुझा शब्द बरोबर होता. माझं चुकलं." मग फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढली. एका टोकाला काळोख, दुसऱ्या टोकाला सूर्य. मुलांना विचारलं, तुमच्या घरी या वेळांना काय काय म्हणतात? पहाट, झुंजूमुंजू, तांबडं फुटलं, उजाडलं, दिवस उगवला, कोवळं ऊन, सकाळ... रेघ भरून गेली. 'प्रभात' कुठे लिहायचं हे मुलांनीच ठरवलं. 'उजाडलं'च्या बरोबर खाली! एकाने विचारलं, "म्हणून प्रभातफेरी लवकर असती का मॅडम?" २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला फेरीत ओरडत जाणाऱ्या मुलांना तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

त्या मुलीनेही निबंध पुन्हा वाचला. या वेळी शेवटपर्यंत.

आपण समानार्थी शब्द पाठ करून घेतो. सकाळ म्हणजे प्रभात, प्रभात म्हणजे उषा. परीक्षेत एक गुण मिळतो, पण प्रत्येक शब्दाची स्वतःची वेळ, स्वतःचा उजेड हरवतो. प्रभात हा सुंदर शब्द आहे, तो मुलांना जरूर द्यावा. फक्त घरून आणलेला शब्द खोडून त्याच्या जागी देऊ नये, शेजारी लिहावा.

पालकांनो, उद्या पहाटे मुलांना उठवून अंगणात किंवा गच्चीवर न्या. आकाश बदलताना दाखवा आणि आजी-आजोबांना त्या वेळांची नावं विचारा. शिक्षक मित्रांनो, फळ्यावर ती रेघ एकदा ओढून बघा. तुमच्या गावचा एखादा वेगळा शब्द सापडला, तर मलाही नक्की कळवा.