प्रागच्या चौकांतून

कन्या जर्मनीत ड्रेस्डेन येथे नोकरीस असल्यामुळे गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्हांस तिकडे जाण्याचा योग आला. तिला व जावईबापूंना रजा नव्हती. तेव्हा एके सकाळी पोळीभाजीचा डबा व छत्री घेऊन आम्ही एकटेच प्रागच्या गाडीत बसलो. एल्ब नदीच्या काठाने धावत ही गाडी सुमारे अडीच तासांत चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीस पोहोचते. पायी भटकण्यास याहून सोयीचे नगर आम्ही पाहिलेले नाही.

स्थानकापासून दहा मिनिटांवर वेन्सेस्लास चौक. नाव चौकाचे, पण प्रत्यक्षात हा पाऊण किलोमीटर लांबीचा उतरता राजरस्ता. वरच्या टोकाला राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय व संत वेन्सेस्लासचा अश्वारूढ पुतळा, खाली दुतर्फा दुकाने आणि माणसांचा अखंड पूर. संग्रहालयासमोर फरसबंदीतून उसळून यावा तसा एक धातूचा क्रूस आहे. सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ १९६९ च्या जानेवारीत यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने येथे स्वतःस पेटवून घेतले. ते वय वाचून कोणाही शिक्षकाचा जीव कालवतो. पुढे १९८९ च्या नोव्हेंबरात याच रस्त्यावर अफाट जनसमुदायाने किल्ल्यांचे जुडगे खुळखुळवून जुन्या राजवटीस निरोप दिला.

बेळगावात हयात गेलेल्या आम्हां लोकांना एक खोड जडलेली असते: परगावी पाऊल टाकताच पाट्या कोणत्या भाषेत आहेत हे आधी पाहावयाचे. प्रागमधील पाट्या चेक भाषेत आहेत. यात नवल ते काय, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर चौकाच्या खालच्या टोकाशी, डाव्या हातास मिळाले. तेथे योसेफ युंगमान (१७७३–१८४७) यांचा बैठा पुतळा आहे. हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर. पुढे प्रागच्या एका विद्यालयाचे प्रमुख झाले. त्या काळी ऑस्ट्रियन साम्राज्यात कचेरी, विद्यापीठ व प्रतिष्ठितांची बैठक जर्मन भाषेत चाले; चेक ही खेड्यापाड्यांची व नोकरचाकरांची बोली समजली जाई. युंगमानांनी वर्षानुवर्षे खपून चेक-जर्मन कोशाचे पाच खंड सिद्ध केले; ते काम १८३९ मध्ये पुरे झाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, म्हणजे काळ जवळपास एकच. मास्तरांचे पुतळे जगात फार नाहीत. आम्ही नकळत हात जोडले.

तेथून हावेल्स्का बाजार गाठला. तेराव्या शतकापासून भरणारी ही मंडई. फळे, फुले, लाकडी खेळणी व कळसूत्री बाहुल्या यांची नुसती रेलचेल. एक चित्रकार्ड तेवढे विकत घेतले. पुढे जुन्या नगराच्या चौकात घड्याळाखाली गर्दीत उभे राहिलो. १४१० सालचे हे खगोलीय घड्याळ! तास भरताच हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. शेकडो माणसे माना वर करून पाहतात, हसतात व पांगतात. सापळ्याची ताकीद कोणी मनावर घेत नाही. आम्हीही डबा उघडला.

याच चौकालगत १८८३ मध्ये फ्रान्झ काफ्काचा जन्म झाला. चेक शहरात राहून तो जर्मनमध्ये लिहीत असे. ज्या जर्मनभाषक ज्यू समाजात तो वाढला, त्याचा नाझींनी संहार केला. १९४५ नंतर इतर जर्मन भाषकांनाही देशाबाहेर घालविण्यात आले. एकेकाळी कचेरीची असलेली भाषाही एखाद्या नगरातून अशी पुसली जाते. घास हातात तसाच राहिला.

दुपारी व्ल्टावा नदीवरचा चार्ल्स पूल पाहिला. त्याचा पाया १३५७ चा. दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे आणि मध्ये वादक, चित्रकार व प्रवासी यांची जत्रा. नंतर काठाकाठाने चालत राष्ट्रीय नाट्यगृहासमोर येऊन बाकावर विसावलो. चेक नाटकाला स्वतःचे साजेसे घर असावे म्हणून लोकांनी गावोगाव वर्गणी जमविली. १८६८ मध्ये कोनशिला बसली. ठिकठिकाणांहून शिला आल्या; दूर चिकागोस जाऊन राहिलेल्या चेक लोकांनीही एक धाडली. १८८१ च्या जूनमध्ये प्रयोग सुरू झाले आणि ऑगस्टात आग लागून वास्तू जळाली. लोकांनी ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन पुन्हा जमविले, आणि १८८३ च्या नोव्हेंबरात स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या संगीतिकेने पडदा पुन्हा वर गेला. रंगमंचावरील कमानीत दोनच शब्द आहेत. त्यांचा अर्थ, ‘राष्ट्राकडून राष्ट्रास’.

या स्मेतानाचे शिक्षण जर्मन भाषेत झालेले. नीट चेक लिहावयास तो प्रौढपणी शिकला. हे आठवले आणि मनातला जुना काटा सलला. गेली तीस वर्षे आम्ही सरकारी मराठी शाळांत शिकवीत आहोत. गतवर्षी आमच्या पहिलीच्या पटावर अकरा नावे होती. पालक मुले पाठवीत नाहीत, अशी तक्रार आम्ही सभांतून करतो. परंतु स्वतःच्या कन्येला मात्र आम्ही इंग्रजी माध्यमात घातले. ती घरात मराठी बोलते. लिहिते मात्र इंग्रजीत. वर्गणी मागणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा, हा साधा नियम आम्हांस त्या बाकावर उमगला.

चित्रकार्ड काढले आणि कन्येस चार ओळी लिहिल्या. दोष आमचाच असल्याचे मान्य केले आणि उत्तर मराठीत देण्याची विनंती केली. तोंडाने सांगण्याचे धैर्य नव्हते. कार्ड टपालात टाकून सायंकाळच्या गाडीने परतलो.

आम्ही बेळगावास पोहोचल्यावर पंधरा दिवसांनी तिचे पाकीट आले. आत एक पानभर मराठी होते. ऱ्हस्वदीर्घाच्या बऱ्याच चुका होत्या. लाल शाईचे पेन टेबलावरच होते. ते आम्ही खणात ठेवून दिले.