दंड सरकारजमा

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं कोर्टाच्या व्हरांड्यात उभे. वहिनी, तिची सासू आणि मी. वहिनी म्हणजे नात्यातली नव्हे, वस्तीतली. शहादा तालुक्यातलं आमचं गाव. तिचा नवरा तिथं सालदार होता. उचल फिटली का नाही, यावरून मालकाशी बोलाचाली झाली आणि माणूस जीवानिशी गेला.

साहेबांनी जन्मठेप सुनावली. वर पाच हजार दंड. बाहेर आमच्या पोरांनी घोषणा दिल्या. चार वर्षं आम्ही फाशी मागत होतो. जन्मठेप झाली तरी जिंकल्यासारखं वाटलं. मीही घसा बसेस्तोवर ओरडलो. तेव्हा वहिनीनं माझी बाही धरली.

"भाऊ, त्या पाच हजार कोनले भेटतीन?"

मला उत्तर आलं नाही. वकिलाला विचारलं. तो फाईल बांधता बांधता बोलला, सरकारजमा.

दोस्तांनो, त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. मोर्चे काढले, निवेदनं दिली, पण मेलेल्याच्या घरासाठी कोर्टाकडं काय मागायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून कायदा वाचायला घेतला. जे कळलं ते लिहितो.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ होतं. दंडाची रक्कम मेलेल्याच्या वारसांना द्या, असा हुकूम कोर्टाला करता येत होता. शिक्षेत दंड नसेल तर आरोपीनं वेगळी भरपाई भरावी, असंही सांगता येत होतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली. तीच गोष्ट आता कलम ३९५ मध्ये आहे. म्हणजे ते पाच हजार वहिनीला देता आले असते. कोणी मागितले नाहीत, कोणी दिले नाहीत. दिले असते तरी अपील लागलं की निकाल होईस्तोवर ते मिळत नाहीत, तेही खरं.

१९८८ साली हरिसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं, हे कलम सढळ हातानं वापरा. पंचवीस वर्षांनी तेच पुन्हा सांगावं लागलं. २०१३ चा अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आपल्याच राज्यातला. कुत्र्यावरून भांडण, शेतकऱ्याचा जीव गेला. न्यायमूर्ती ठाकूर यांनी लिहिलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार केलाच पाहिजे, आणि दिली किंवा नाकारली तर कारणं नोंदवली पाहिजेत. खालच्या दोन्ही कोर्टांना कलमाची आठवणच झाली नव्हती. पण फार वर्षं लोटली म्हणून खटला माघारी पाठवला नाही. ज्या घरामुळं देशाला नियम मिळाला, ते घर त्या निकालात रितंच राहिलं.

दिवाणी दाव्याची वाट १८५५ पासूनची आहे. बायको, पोरं, आईबाप खुन्याकडून नुकसान मागू शकतात. पण मुदत दोन वर्षांची, आणि खुनाचा खटला चार चार वर्षं चालतो. निकालाची वाट बघत बसलं की दावा बुडाला. शिवाय तिथं हिशेब होतो कमाईचा. सालदाराची कमाई किती? ज्या मालकानं मजुरी दाबून ठेवली, त्याच दाबलेल्या मजुरीवर मेलेल्याचं मोल ठरतं. याच शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ ची श्रमिक संघटना सालदारांच्या मजुरीसाठी लढली. मजुरी वाढवणं म्हणजे माणसाचं मोल वाढवणं, हे मला तो दावा वाचताना समजलं.

ॲट्रॉसिटीचे पैसे निराळे. ते कोर्ट देत नाही, सरकार देतं. २०१६ च्या दुरुस्तीनं खुनासाठी सव्वाआठ लाख ठरले. अर्धे शवविच्छेदनानंतर, अर्धे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. शिवाय महिना पाच हजार मूळ पेन्शन आणि महागाई भत्ता, घरातल्या एकाला नोकरी, पोरांचं पदवीपर्यंतचं शिक्षण. वहिनीला रक्कम मिळाली, खेपा घालून घालून. पेन्शनचा कागद फिरतोच आहे.

पण सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडं, डाकीण ठरवून बाई मारली तर? मरणारी आदिवासी, मारणारेही आदिवासी. तिथं ॲट्रॉसिटी लागत नाही. सव्वाआठ लाख नाहीत, पेन्शन नाही. मागं राहिलेली पोरं तेवढीच उघडी. त्यांच्यासाठी वाट आहे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची, जुनं कलम ३५७-अ, आता ३९६. आरोपी सापडला नाही तरी वारसांना अर्ज करता येतो. आरोपी सुटला तरी कोर्ट शिफारस करू शकतं. चौकशी दोन महिन्यांत पुरी करावी, असं कायदाच म्हणतो.

काही जण म्हणतील, रक्ताचे पैसे मोजायचे का? मीही आधी असंच बोलायचो. पण पोटाला काय घालायचं हे वहिनीला रोज बघावं लागतं, मला नाही. गावात गुपचूप देऊ केलेले पैसे तोंड बंद करायला असतात. कोर्टानं हुकमानं दिलेले पैसे म्हणजे या घराचं नुकसान झालं, ही निकालात लिहिलेली कबुली. ती भीक नाही.

तेव्हा एवढं करा. एफआयआर आणि शवविच्छेदनाची नक्कल पहिल्याच आठवड्यात काढा. घरात कोण कोण त्याच्या कमाईवर होतं, ते लिहून ठेवा. दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. आणि आरोपी दोषी ठरला की शिक्षा सुनावण्याआधी सरकारी वकिलाच्या हातात भरपाईचा अर्ज द्या.

घोषणा द्याच. पण फलक धरणाऱ्या दहा जणांतल्या एकाच्या खिशात तो अर्ज असू द्या. आमच्या खिशात त्या दिवशी नव्हता.

जय भीम.