भरीव नळीची बंदूक

माझ्या बंदुकीची नळी भरीव आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण बंगळुरूच्या चिकपेटेतल्या आमच्या घरी येणारा जो तो भिंतीवरची ती साडेपाच फुटी तोड्याची बंदूक बघून एकच विचारतो, "उडते का हो?" उडत नाही. उडावी अशी सोयच ठेवलेली नाही. इंचभर जाडीची लोखंडी सळई कानशीने घासून अष्टकोनी केली आहे आणि तोंडाशी नखभर खळगा कोरला आहे, बघणाऱ्याच्या समाधानापुरता. काना, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, म्हणून जो दिसतो तोही नुसता ठिपका. बाहेरची रंजकाची दारू पेटून ठिणगी आत जाणार कुठे? आत काही नाहीच.

यात माझ्या सज्जनपणाचा भाग थोडा, कायद्याचा जास्त. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, मग ती ठासणीची असो की काडतुसाची. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. नकली बंदुकीची खरी करायची तरी परवाना लागतो, असंही त्याच कायद्यात आहे. हलसूर गेट पोलीस ठाणं आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तेव्हा पळवाटा शोधण्यात अर्थ नव्हता. भरीव म्हणजे भरीव.

अमेरिकेत जुन्या चालीच्या बंदुका घडवण्याच्या या छंदाचा थाट निराळा. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये वॉलेस गस्लर नावाच्या कारागिराने अठराव्या शतकातल्या अवजारांनी आणि त्याच रीतीने अख्खी रायफल करून दाखवली. लोखंडाची पट्टी तापवून, ठोकून, जोडून नळी केली, आतले पिळदार चर हातानं पाडले, चाप-घोडा घडवला, मेपलचा कुंदा कोरला. १९६९ साली त्यावर माहितीपट निघाला आणि पुष्कळांना त्याची चटक लागली. आज तिथे घरोघरच्या गॅरेजात असे हौशी कारागीर आहेत. त्यातले बरेच जण नळी विकत आणतात, पण बंदूक पुरी झाली की ती मैदानात नेऊन झाडतात. आपलं काम जमलं की फसलं, हे त्यांना निशाणावरचं भोक सांगतं.

माझ्यापाशी ते निशाण नाही. ही उणीव खरी आहे आणि ती गोड बोलून झाकण्यात मतलब नाही. पण सगळं एकट्यानं केलं म्हणूनच गस्लरचं एवढं कौतुक झालं, हेही ध्यानात घ्यावं. बर्मिंगहॅमच्या बंदूकबाजारात नळी करणारा वेगळा, चाप करणारा वेगळा, कुंदा बसवणारा वेगळा. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी त्या उभ्या करणाऱ्या द बॉइनच्या हाताखाली सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसानं आग्र्याला कारखाना चालवला. तिथे बंदूक दहा रुपयांना पडायची. कामं वाटून घेतल्याशिवाय हा भाव कसा जमणार? त्या कारखान्यातल्या एखाद्या सुतारानं जन्मभर कुंदे कोरले असतील आणि एकदाही बार काढला नसेल. माझी जात त्याची. पोटाचा धंदा कापडाचा, हौस कुंद्याची.

तोड्याचीच बंदूक का, तर तिच्यात यंत्र म्हणावं असं जवळजवळ काही नाही. चकमकीच्या बंदुकीला जोरकस कमान लागते, गारगोटीची चिमटी लागते, ठिणग्या पाडणारं पोलादी झाकण लागतं, आणि त्या कमानीला नेमकं पाणी देणारा लोहार लागतो. तोड्याच्या बंदुकीत चाप ओढला की कुंद्याच्या फटीतून एक वाकडी पट्टी पुढे झुकते आणि तिच्या टोकाला अडकवलेला धुमसता तोडा रंजकाच्या वाटीला टेकतो. बस्स. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी पानिपतावर चकमकी घेऊन उभ्या होत्या, तरी आपल्याकडे तोडा पुढे एकोणिसाव्या शतकातही चालू राहिला. याला मागासपण म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. जी वस्तू गावच्या लोहाराला आणि सुताराला मिळून दुरुस्त करता येते, ती लोक सहजासहजी टाकत नाहीत.

आता चिकपेट. बाहेरच्याला चिकपेट म्हणजे रेशमी साड्या, लग्नाचा बस्ता आणि मेट्रोतून वर येताच अंगावर येणारी गर्दी. आम्हा बंगळुरी मराठी माणसांचा इतिहास इथे शहाजीराजांपासून सुरू होतो. १६३८ साली आदिलशाही फौजेनं हे शहर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचा गौरीमहाल याच पेठेत होता म्हणतात. नेमकी जागा विचाराल तर जो तो आपल्या गल्लीकडे बोट दाखवतो. पण कारागिराच्या नजरेनं ही पेठ वेगळीच दिसते. बळेपेटेत वाद्यांची दुकानं, एस. पी. रोडवर हत्यारं आणि सुटे भाग, नगरथपेटेपलीकडे पितळी पत्रा, रविवारी रस्त्यावरच्या गुजरीत जुन्या कानशी, पटाश्या आणि मुठी निखळलेले रंधे. जवळच तारामंडलपेट, टिपूच्या अग्निबाणांच्या कारखान्यावरून नाव पडलेली. टिपूच्या बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी असे आणि घोड्याला वाघाचा आकार. १७९१च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसची इंग्रज फौज पेठेवर चालून आली तेव्हा भोवती मातीचा तट, खंदक आणि काटेरी झाडीचा दाट पट्टा होता. हलसूर दरवाज्याशी झालेल्या चकमकीत मूरहाउस नावाचा त्यांचा तोफखान्याचा नामांकित अधिकारी पडला. तट गेला, झाडी गेली, दरवाज्याचं नाव पोलीस ठाण्याला उरलं.

लाकूड मला पेठेनंच दिलं. इथली जुनी घरं पाडून चार मजली दुकानं उभी राहतात, तेव्हा तुळया आणि चौकटी गुजरीवाल्याकडे जातात. बहुतेक साग, अधूनमधून शिसव, आणि नशीब असेल तर फणस. मी फणस घेतला. साग देखणा खरा, पण बारीक कोरकामात कडेचा ढलपा कधी उडेल याचा नेम नाही. फणसाचं लाकूड पटाशीला ऐकतं. तंजावरची वीणा याच लाकडाची होते. ताजं कापलं की पिवळंधमक, आणि हवा लागता लागता तपकिरी होत जातं. जुन्या तुळईत मोडके खिळे मात्र असतात. म्हणून हत्यार लावण्याआधी मी लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या अंगावरून फिरवतो.

मग येतो खरा उद्योग, नळी बसवण्याचा. बाकी सगळं, पितळेचे बंद, चाप, गज, माशी, ही हौस. बंदूक होते ती लोखंड लाकडात बसतं तेव्हा.

कुंद्याच्या पाठीवर दोरा ताणून मधली रेघ मारायची. तिच्या दोन्ही बाजूंना नळीची रुंदी आखायची आणि ती रेघ ओलांडायची नाही, आतल्या आत राहायचं. जाड काम अर्धगोल पटाशीनं उरकतं. त्यानंतर काजळी. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं धरून, आई काजळ पाडायची तस्सं, ती जमवायची. दोन थेंब खोबरेल घालून जुन्या दात घासायच्या ब्रशनं नळीच्या खालच्या अंगाला पुसटशी लावायची. नळी सरळ वरून खोबणीत ठेवायची, लाकडी मोगरीनं हलके ठोके द्यायचे आणि तितकीच सरळ उचलायची. जिथे लोखंड लाकडाला लागलं तिथे काळा डाग. तेवढाच डाग तासायचा. पुन्हा काजळी, पुन्हा नळी, पुन्हा डाग.

ऐकायला सोपं आहे. गंमत अशी की सुरुवातीला डाग फक्त वरच्या कडांना उमटतात आणि तळ कोरा राहतो. नवखा माणूस म्हणतो, कडा घट्ट आहेत, घ्या तासून. त्या तासल्या की नळी खाली जाते खरी, पण दोन्ही बाजूंना फट पडते आणि ती जन्मभर दिसते. कडेचा डाग पारदर्शक होईल इतकाच खरवडायचा आणि तळाची वाट बघायची. काजळी जास्त झाली तर ती खोटं बोलते, सगळंच काळं दिसतं. कमी झाली तर गप्प बसते. हात बसला की एक वेळ अशी येते की ठसठशीत डाग उमटत नाहीत; सगळ्या खोबणीभर बारीक काळे ठिपके शिंपडल्यासारखे पडतात. तिथे हत्यार खाली ठेवायचं. त्यानंतर माझी कसोटी आमच्या दुकानातली: साडीच्या खोक्यातल्या पातळ कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मध्ये सरकवून बघायची. सरकली तर काम बाकी आहे.

हे मला शिकवलं पुस्तकांनी आणि बळेपेटेतल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं. बंदुकीत त्यांना काडीचा रस नाही. पण तंबोऱ्याची तबकडी भोपळ्यावर बसवणाऱ्याला फट म्हणजे काय ते मी काय सांगावं? फुटक्या काचेच्या धारेनं लाकूड खरवडायला त्यांनीच दाखवलं. पॉलिश पेपरपेक्षा काच चांगली, रेषा बुजत नाहीत, कोपरे गोल होत नाहीत. कुंदा घेऊन गेलो की ते चष्मा वर करतात, अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "साकु स्वामी, इन्नु बेड." पुरे, आता आणखी नको. मला नेहमी आणखी हवं असतं.

भरीव नळीनं एक अडचण मात्र केली. पोकळ नळीपेक्षा ती बरीच जड, त्यामुळे सगळा तोल पुढे गेला. हातात घेतली की तोंड जमिनीकडे. कुंद्याच्या टाचेत भोक पाडून मासेमारीच्या गळाला लावतात ते शिसं भरलं, वर लाकडाची खुंटी मारली. आता वाटीच्या जरा पुढे बोटावर तोलली की आडवी राहते. पितळेचे बंद ठोकताना पत्रा ताठर होत जातो, तो लाल होईपर्यंत तापवून मऊ करावा लागतो; हे काम मी गच्चीवर करतो, कारण घरात केलं तर "अहो, पडदे!" अशी हाक येते. शेवटी जवसाचं तेल, तळहातानं चोळून, पातळ पातळ. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, दुकानात कात्री, कापड मोजायची पट्टी आणि हिशेबाचा संगणक यांना हळदकुंकू लागतं, बाहेर रस्त्यावर कोहळे फुटतात. गेल्या वर्षी मुलानं बंदूकही खाली आणून मांडली. गुमास्ते खूश. माझ्या मनात जरा चुळबुळ झाली, पण बोललो नाही.

तिची खरी परीक्षा एका गिऱ्हाइकानं घेतली. मडिकेरीहून मुलीच्या लग्नाच्या साड्यांना आलेले कोडव गृहस्थ. कोडगूत बंदूक देवघराइतकीच घरची असते. मुलगा जन्मला की एक बार, माणूस गेलं की दोन. सप्टेंबरच्या तीन तारखेला कैलपोद, त्या दिवशी हत्यारांची पूजा. इंग्रजांनी १८६१ साली कोडवांना परवान्यातून सूट दिली, ती अजून चालू आहे. केंद्र सरकारनं ती २०२९पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. चहा होईतो वर घरी आले, भिंतीवर नजर गेली. "उडते का" हे त्यांनी विचारलं नाही. काढून द्या म्हणाले, खांद्याला लावली, गाल टेकवायचा प्रयत्न केला आणि हसले.

"छान बसवलीय नळी. पण नेम कसा धरायचा? मान मोडेल की."

बरोबर होतं. उत्तरेकडच्या चालीचा माझा कुंदा सरळ, काठीसारखा आणि बारीक. तो खांद्याला लावून माशी डोळ्यासमोर आणायची तर मान फार वाकवावी लागते. त्यांच्याकडच्या जुन्या कोवीचा, म्हणजे बंदुकीचा, कुंदा रुंद आणि खाली झुकलेला असतो, गाल आपोआप टेकतो. हवेत बोटानं त्यांनी तो बाक काढून दाखवला आणि मग साड्यांच्या किमतीवर आले, तिथे मात्र जराही ढिलाई नव्हती.

तेव्हापासून तो बाक डोक्यात आहे. सरळ फळीतून कापता येतो, पण मग कुंद्याच्या मनगटाशी लाकडाचे तंतू आडवे तुटतात, आणि तिथे जोर आला की कुंदा दुभंगतो. तंतूच वाकडे वाढलेलं लाकूड हवं: खोडातून मोठी फांदी फुटते तिथला बेचका. जुन्या घरांच्या तुळया याला उपयोगाच्या नाहीत, त्या सरळ म्हणूनच तुळया झाल्या. मैसूर रोडच्या टिंबर यार्डात चौकशी केली तर तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. फणसाचा बेचका? तो आम्ही ठेवतच नाही, जळणाच्या ढिगात टाकतो, वजनावर घ्या. कापडाच्या धंद्यात दराची घासाघीस करण्यात आयुष्य गेलं, पण लाकूडवाल्यानं आपण होऊन जळणाचा भाव सांगावा असा सौदा मला पहिल्यांदाच मिळतोय. पुढच्या रविवारी ढीग उपसायला बोलावलंय. बळेपेटेतल्या म्हाताऱ्यांना बरोबर नेणार आहे. ओल्या लाकडात तंतू कुठे वळतात ते मला कळत नाही, त्यांना कळतं.