कुड्याची साल

पावसाळ्यात पोट बिघडलं की आमच्या राजापूरच्या घरी आजी सहाणेवर कुड्याची साल ताकात उगाळायची. कडू जहर. पुढे पुण्यात एम. फार्म.ला प्रकल्प निवडायची वेळ आली, तेव्हा मी कुडाच मागितला. त्या सालीनं आतड्याचा स्नायू खरंच सैलावतो का, एवढंच मला पाहायचं होतं.

साल बाजारातून घेतली नाही. पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची सालही खपवली जाते. पांढऱ्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याच्या म्हणजे गोडे. मामानं आमच्याच परड्यातल्या झाडाची साल पाठवली, ती मी वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडून पडताळून घेतली आणि अल्कोहोलमध्ये अर्क काढला.

आतडं कोंबडीचं. सकाळी सातला थर्मासमध्ये थंड टायरोड द्रावण घेऊन मी चिकनच्या दुकानासमोर उभी राहायचे. लिटरभर पाण्यात ८ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम ग्लुकोज, १ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि चिमूट चिमूट इतर क्षार, एवढ्यावर आतड्याचा तुकडा कोंबडी गेल्यावरही तासन्‌तास जिवंत राहतो. आतड्याचा तुकडा असा शरीराबाहेर जिवंत ठेवून पाहण्याची पद्धत रूडॉल्फ माग्नुस यांनी १९०४ साली मांडली. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना दोरा, ३७ अंशांचं द्रावण, खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा लिव्हरला बांधायचा आणि लिव्हरचं टोक ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदाला टेकवायचं. अर्धा तास काहीच करायचं नाही, तुकडा निवांत होऊ द्यायचा. मग अ‍ॅसिटिलकोलिनचा थेंब सोडला की स्नायू आकसतो आणि काजळीत पांढरी रेघ सरसर वर चढते. पहिल्यांदा ती चढताना पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आधी अर्क, मग अ‍ॅसिटिलकोलिन, असं केल्यावर रेघ निम्मीच चढली. धुऊन पुन्हा पाहिलं, पूर्ण चढली. तीन आठवडे हेच येत राहिलं आणि मी घरी फोनवर सांगूनही टाकलं, की आजीचं औषध खरं ठरलं.

सरांनी सगळे कागद शांतपणे पाहिले आणि विचारलं, "नुसतं अल्कोहोल घालून पाहिलंस?"

पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी पाहिलं. २५ मिलिलिटरच्या बाथमध्ये १ मिलिलिटर अल्कोहोल, अर्काबरोबर जायचं तेवढंच. रेघ जवळजवळ तितकीच खुंटली. तीन आठवड्यांच्या कागदांत कुड्याचं किती आणि अल्कोहोलचं किती, हे सांगायला काही मार्ग उरला नव्हता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगो, पण आपण ताकात उगाळतो ना? दारूत कोण घालतं?"

मग साल पाण्यात उकळली, काढा आटवून वाळवला आणि टायरोडमध्येच विरघळवला. आता प्रत्येक तुकड्यावर आधी नुसतं टायरोड, मग अर्क. या वेळी रेघ खुंटली ती कुड्यानंच. पहिल्या वेळेपेक्षा कमी, पण मात्रा वाढवली की जास्त. मग पोटॅशियम क्लोराइड वापरलं. त्यानं स्नायूच्या पेशींतली कॅल्शियमची दारं उघडतात आणि स्नायू अ‍ॅसिटिलकोलिनशिवायच आकसतो. अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनपुढे अ‍ॅसिटिलकोलिनची रेघ पार झोपली, पण पोटॅशियमची तशीच उभी राहिली. कुड्यापुढे दोन्ही खाली आल्या. म्हणजे कुडा नुसता अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवत नव्हता. कॅल्शियम आत शिरण्यातच कुठेतरी आड येत असावा, असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत जुळली नाही. अर्क एकटाच घातला की काही तुकड्यांत रेघ आधी किंचित वर जायची आणि मगच उतरायची. एका मैत्रिणीनं सुचवलं, ते कागद बाजूला ठेव, बाकीचे छान दिसतायत. मी सगळेच कागद, काजळी पुसली जाऊ नये म्हणून, लाखेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घातले आणि ती चढण प्रबंधात तिच्या आकड्यांसह छापली.