डिकीतली गोणी

आमच्या गाडीचा मागचा बंपर निखळला तेव्हा मी गाडीत नव्हतो, गाडीच्या मागे होतो. मे २०२५, संगमनेर, अकोले नाक्याजवळचा गतिरोधक. अण्णा गाडी चालवत होते, मी स्कूटरवर मागून येत होतो. ठण्ण असा आवाज झाला आणि बंपरचं डावं टोक रस्त्याला घासत ठिणग्या उडवायला लागलं. अण्णांना काही ऐकू गेलं नाही. मी हॉर्न वाजवत, हातवारे करत पुढे गेलो, तर काच खाली करून त्यांनी विचारलं, "काय रे, भूक लागली का?"

गाडी १९९५ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाट म्हणतात. तेही चूक नाही. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. तिच्या परवान्यावर वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि पुढेमागे क्रोमचा मुलामा दिलेले पोलादी बंपर. अण्णांनी ती २००२ साली मुंबईच्या एका माणसाकडून जुनीच घेतली. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

त्याच महिन्यात तिच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडी दर पाच वर्षांनी आरटीओला दाखवावी लागते. एप्रिल २०२२मध्ये त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं होतं आणि तेव्हा तेच लागू होतं. शुल्क, बंपर, ब्रेकचं काम असा हिशोब मी मोबाइलवर मांडला आणि अण्णांना म्हणालो, "भंगारात देऊन टाकू."

"तुला वाटतं ते कर," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पान उलटलं मात्र नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्या आठवड्यात घरूनच काम करत होतो. त्यामुळे गाडी भंगारवाल्याकडे नेण्याआधी निदान किती खर्च येतो ते बघावं, म्हणून दोन ठिकाणी विचारलं. एका गॅरेजवाल्याने न वाकताच सांगितलं, "पत्र्याचा तुकडा मारतो, वर लांबी भरतो, रंग देतो. संध्याकाळी घेऊन जा." आमच्या कामात याला हॉटफिक्स म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी करायचा आणि सोमवारी रडायचं.

दुसरे होते एक म्हातारे वेल्डर. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते गाडीखाली आडवे झाले, हातोडीने टकटक करत गेले. टणटण, टणटण आणि मग एकदम भस्स. बाहेर येऊन त्यांनी मूठ उघडली. आत चहाच्या चोथ्यासारखा गंज.

"बंपर ठीक आहे. तो ज्याला धरून आहे, तेच राहिलं नाही," ते म्हणाले.

बंपर म्हणजे दिसायला गाडीच्या मिशा. पण धक्का बसला की तो झेलून पुढे गाडीच्या सांगाड्यात पोचवायचं काम त्याच्या ब्रॅकेटचं. ब्रॅकेटच कुजलं असेल, तर चकचकीत बंपर नुसता दागिना. आणि हा गंज वरून दिसत नाही. दोन पत्रे जिथे एकमेकांना चिकटतात त्या फटीत ओल जाते, बाहेर पडत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो पत्रे आतून फुगवतो. रंगाला पोपडा येईपर्यंत आतलं काम आटोपलेलं असतं.

आधी पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरीची वायर काढली. टाकी मागच्या बाजूलाच असते, तिच्याजवळ वेल्डिंगचा खेळ नको. बोल्ट जाम झाले होते. रात्रभर तेल मुरवूनही चारातले तीन ग्राइंडरने कापावे लागले. खाली लांबीचे दोन थर निघाले. म्हणजे हॉटफिक्स याआधीही झाला होता.

"मुंबईची गाडी ना? समुद्राची हवा," चाचा म्हणाले.

मला पटेना. बग शोधताना पहिली सवय लागते ती तुलनेची. समुद्राची हवा काय फक्त मागून वाहते? मी पुढचे ब्रॅकेट तारेच्या ब्रशने घासून बघितले. वरवरचा तांबूस थर, खाली ठणठणीत लोखंड. मागचं उजवं अर्धं खाल्लेलं. डावं संपलेलं. डिकीच्या तळाचा डावा कोपराही चाळणीसारखा. आणि तिथल्या सांध्यात गंजासोबत मळकट पांढरे, दाणेदार खडे.

अण्णा शेजारी टायरवर बसून होते. मी जरा चिडूनच म्हणालो, "अण्णा, वेळेवर लक्ष दिलं असतं तर ही वेळ आली नसती. डिकीत काय ठेवायचात तुम्ही?"

ते उठले, खडा बोटांत चुरडला.

"पोटॅश आहे."

आमची तळेगाव दिघेच्या बाजूला दोन एकर जमीन होती. अण्णा पतसंस्थेतली नोकरी सांभाळून तिथे डाळिंब करायचे. खत, औषध, फळांची खोकी, सगळं या डिकीतून जायचं. २०१५चं साल म्हणजे सलग दुसरा दुष्काळ. त्यात बागेवर तेल्या आला. फळावर तेलकट डाग पडतात, मग ते तडकतं. त्याच वर्षी मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. एक एकर विकला हे मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं.

"पोटॅशची गोणी आणली होती बागेला. डिकीत फाटली," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं, व्यवहार झाला. बाग त्याच एकरात होती. गोणी तशीच राहिली. दोन पावसाळे असेल."

"काढून टाकायची ना."

"टाकायची कुठं? बाग कुठं राहिली होती."

चाचांनी ग्राइंडर बंद केला होता. मला पुढे काही बोलता आलं नाही.

पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. दमट हवेतली ओल ओढून घेतं. त्यातलं क्लोराइड लोखंडाला गंज चढवतं आणि स्वतः खर्च होत नाही, पुन्हा कामाला लागतं. म्हणून गंज नुसता घासून रंग दिला तर मीठ रंगाखाली राहतं आणि वर्षभरात गंज परत येतो. आम्ही तो भाग गोड्या पाण्याने तीनदा धुतला आणि मेच्या उन्हात कडकडीत वाळवला.

ब्रॅकेट विकत मिळण्यातलं नव्हतं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या आणि सुट्या भागांचा तो झराही आटला. मग जुन्या ब्रॅकेटचा पुठ्ठ्यावर साचा काढला आणि ३ मिलिमीटरच्या पट्टीतून नवे कापले. कुजलेला पत्रा मात्र मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट कापावा लागला. "चमकेल तिथपर्यंत काप," चाचा म्हणत राहिले. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंगचा टाका धरत नाही, भोकच पडतं. मग १६ गेजचा नवा पत्रा, आधी चार टाके, बंपर लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते मोजणं, मग पक्कं वेल्डिंग. वर रेड ऑक्साइड, रंग, सांध्यात ग्रीस. चिखलाने बुजलेलं पाणी जायचं भोक खिळ्याने मोकळं केलं. सगळे मिळून साडेसहा हजार गेले. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

ट्रायलला गाडी अण्णांनी घेतली. घराकडे वळायच्या ऐवजी त्यांनी ती तळेगावच्या रस्त्याला लावली. मी विचारलं नाही. अर्ध्या तासाने एका बांधाजवळ थांबलो. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं पाणी २०२३ साली या भागाकडे आलं. आम्ही विकल्यावर आठ वर्षांनी. आमच्या त्या एकरात आता घास होता. मे महिन्यात, गुडघ्याएवढा, हिरवागार.

मी म्हणालो, "अण्णा, माझ्या फीसाठी नसतं विकलं तर..."

"तर तू इथं घास कापला असता," ते म्हणाले. "आणि कापताना कटकट केली असती."

थोडा वेळ ते काचेतून बघत राहिले. मग गिअर टाकला. गाडी वळवायला रस्ता अरुंद होता, मागे दगडी बांध.

"उतर, मागं बघ," म्हणाले. "बंपर लागंल."

मी उतरलो, मागे जाऊन उभा राहिलो आणि हात हलवत म्हणालो, "येऊ द्या. येऊ द्या. अजून आहे जागा."