पणजीचं माहेर

जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात, गाव, तारीख, सगळं मोडीत टापटीप लिहिलेलं. पुढे फक्त ‘मुलगी’. जी जन्मली तिचं नाव नाही. मला अजून राग येतो.

सप्टेंबर २०२३मध्ये मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, १९६७पूर्वीच्या कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं सुटली. नाहूरला मामेभाऊ वंशावळ मांडून बसला. त्याला पुरुषांची ओळ पुरेशी होती. मी मध्येच विचारलं, “पणजी कुठली रे?” आई म्हणाली, “जुन्नरकडची. सासरचं नाव लक्ष्मी.” संपलं.

एका म्हाताऱ्या आत्याआजीला पणजीच्या माहेरचं आडनाव आणि गाव आठवलं, म्हणून त्या गावच्या जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकापर्यंत तरी पोचलो. त्या घरात थोड्या अंतरानं दोन मुली जन्मलेल्या. दोघींपुढे ‘मुलगी’. पुढे मृत्यूच्या नोंदीत पुन्हा तोच बाप, ‘मुलगी’, कारण ताप. वयाच्या रकान्याला वाळवी. गेली ती थोरली की धाकटी? म्हणजे माझी पणजी यातली कोण? मोडीवाचक शांतपणे म्हणाले, “ताई, असंच असतं.” असंच का असावं?

अमेरिकेत वसाहतकाळातल्या बाईचं माहेर पुष्कळदा बापाच्या मृत्युपत्रातून सापडतं. लेकीला काही ठेवलं तर तिथे तिचं सासरचं आडनाव येतं. १८९० साली स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ला तर पूर्वज आईकडून सिद्ध केला तरी चालतो. आमच्या पणजीला कोण काय ठेवणार होतं? आणि जातीचा दाखला बहुतेक बापाकडूनच.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना मी आजवर दक्षिणेचं दुकान म्हणत आले. त्यातल्याच एका वहीत पणजीच्या भावानं आईबापांच्या खाली लिहवून ठेवलं होतं : बहीण ठकू. मामेभाऊ म्हणतो, चुलतबहीणही असेल. असेल. मी ठकूच धरलंय. तुमच्या घरात कुणी नव्वदीची असेल तर माहेरचं गाव, देवक, भावांची नावं आजच विचारून घ्या. कचेरीत मिळणार नाही.

आता महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवरच्या नावात आईचं नाव सक्तीचं आहे. भाचीच्या बाळाच्या दाखल्यावर ते आलंय, आडनाव बापाचंच. मी तावातावानं बोलायला लागले तर भाची म्हणाली, “मावशी, तू कुठे माहेरचं लावतेस?” नाही लावत. लग्नात हौसेनं बदललं होतं, आणि मला ते आवडतंही.