ले मॉर्नचा कडा

पोस्टकार्डावरचा मॉरिशस सपाट असतो: निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. प्रत्यक्षात विमानतळाबाहेर पडलं की उसाच्या शेतांमागून डोंगर डोकावू लागतात. हे बेटच ज्वालामुखीतून वर आलेलं. काळा खडक हातात घेतला तर सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ओळख पटते. तोच बेसाल्ट, फक्त वयाने कितीतरी लहान. राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशी ८१२ मीटरचं ल पूस आहे. नावाचा अर्थ अंगठा, आणि सुळका दिसतोही तसाच. बीगल जहाजातून आलेला चार्ल्स डार्विन मे १८३६ मध्ये हा अंगठा चढून गेला होता.

पण डोंगरांतला खरा इतिहास नैर्ऋत्य टोकाला, ले मॉर्नमध्ये आहे. समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या भूभागावर ५५६ मीटरचा हा सरळसोट कडा उभा आहे. पायवाट सुरुवातीला झाडीतून सोपी जाते. वरच्या टप्प्यात मात्र हातपाय दोन्ही लावावे लागतात. घाम पुसायला थांबलं की खाली खाजणाचं पाणी दिसतं, फिरोज्यापासून गर्द निळ्यापर्यंत रंग बदलणारं.

डचांनी १५९८ मध्ये बेटाला राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला, आणि १७१० मध्ये ते निघून गेले. त्यांच्यामागून आलेल्या फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून उसाचे मळे उभे केले. मळ्यांतून पळालेल्यांना लपायला हाच कडा होता. पुढे बेट ब्रिटिशांकडे गेलं, आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी त्यांच्या अमलात गुलामगिरी संपली. ती बातमी द्यायला शिपाई वर येताना पाहून, आपल्याला पकडायलाच आलेत असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं इथली लोकपरंपरा सांगते. ही आठवण कागदांपेक्षा क्रिओल गाण्या-गोष्टींतून टिकली. २००८ मध्ये ले मॉर्न जागतिक वारसा यादीत गेला, आणि १ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते.

मळेवाल्यांना पर्यायी हात आधीच मिळाले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने भारतातले पहिले ३६ करारी मजूर उतरवले. पुढे सुमारे साडेचार लाख गिरमिटिये आले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, आजच्या आप्रवासी घाटाच्या काळ्या दगडी पायऱ्या चढून ते बेटावर आले. मुंबई बंदरातून निघालेल्यांत रत्नागिरीकडची कोकणी माणसंही होती. हेन्रिएटा-कॅस्कावेल भागात १८९६ मध्ये त्यांनी गणपती बसवला. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते, आणि मराठी घरांतला झाकरी नाच कोकणातल्या जाखडीचं नातं सांगतो.

डोंगर उतरल्यावर भूक लागते. रस्त्याकडेच्या गाडीवर ‘धॉल पुरी’ मिळते: हळद-जिरं घालून वाटलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ, मऊ पोळी. म्हणजे गूळ काढून घेतलेली पुरणपोळीच. दोन पोळ्या एकावर एक, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीची चटणी. गुंडाळून कागदात हातावर ठेवतात. ताट नाही, टेबल नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हे इथले उन्हाळ्याचे महिने. त्यातही जानेवारी ते मार्चमध्ये चक्रीवादळांचा धोका जास्त. चढाईसाठी ऑक्टोबर बरा: ऊब असते, पाऊस कमी. ले मॉर्नला सकाळी लवकर निघावं, पाणी जवळ ठेवावं आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकलावा. ओला बेसाल्ट किती निसरडा होतो, हे सह्याद्रीत पावसाळा काढलेल्यांना वेगळं सांगायला नको.